बोनेअरचे किनारा-डाइव्ह: गुडघे साथ देत नसतील तर साइट कशी निवडायची

कॅरिबियन समुद्रातलं बोनेअर बेट म्हणजे बोटीशिवाय, थेट किनाऱ्यावरून स्कुबा डाइव्ह (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करणाऱ्यांची पंढरी. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आणि त्यांवर साइटचं, म्हणजे डाइव्हच्या जागेचं नाव. गाडी लावा, टाकी पाठीला लावा आणि पाण्यात शिरा.

माझे दोन्ही गुडघे झिजलेत, काठीशिवाय उतार उतरता येत नाही. सोबतचा मित्र व्हीलचेअर वापरतो. आम्हा दोघांनाही हे बेट मानवलं. पण पिवळा दगड दिसला म्हणजे वाट सोपी, असं समजू नका. माहितीत ‘सोपी साइट’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेकदा लाटा कमी आणि पोहायचं अंतर थोडं, एवढंच म्हणायचं असतं. पायाखाली काय आहे, ते त्यात नसतं. इथे बऱ्याच ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आहेत, पाऊल ठेवलं की घरंगळतात. पुढे पाण्याखाली खाचखळग्यांचा खडक. शिवाय मोठ्या वादळानंतर किनाऱ्याची मांडणीच बदलते. 1999 साली लेनी हे चक्रीवादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं आणि एरवी शांत असलेल्या याच बाजूला तडाखा बसला. त्यामुळे जुन्या वर्णनावर विसंबू नका. अलीकडचे फोटो मागवा, तेही पाण्याच्या कडेचे.

माझं ठाम मत असं, की साइट निवडताना आधी बाहेर यायची जागा बघावी. आत शिरताना अंगात ताकद असते आणि पाणी लगेच भार उचलतं. परतताना दमलेलो असतो आणि कमरेएवढ्या पाण्यापासून पुढे प्रत्येक पावलाला वजन परत अंगावर येतं. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना 17 किलोच्या आसपास जाते. बीसीडी (हवा भरून तरंगायला लावणारं जाकीट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं साधन) आणि बुडायला लागणारी शिशाची वजनं धरून पंचवीसच्या पुढे. डाइव्हनंतर लगेच जड श्रम केले तर डीकॉम्प्रेशन आजाराचा (रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोकाही वाढतो, म्हणून हा नुसता गुडघ्यांचा प्रश्न नाही. थाउजंड स्टेप्स या साइटला पायऱ्या नावाप्रमाणे हजार नाहीत, सत्तरच्या आसपास आहेत. तरी आम्ही ती साइट सोडली आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

सर्वांत उपयोगी पडली ती शिडी असलेली जेट्टी, म्हणजे पाण्यात गेलेला धक्का. राहायची जागा निवडताना खोलीआधी शिडीचा फोटो मागा. तिची खालची पायरी पाण्याखाली निदान मांडीएवढी खोल हवी, नाहीतर पहिलं पाऊल उचलताच येत नाही. शिडी थोडी कललेली बरी. कठडा जेट्टीच्या फळ्यांच्या वर आलेला हवा, कारण शेवटच्या पायरीवर धरायला काही नसेल तर माणूस तिथेच अडकतो.

बाहेर येताना आमचा क्रम ठरलेला होता. बीसीडी फुगवून तरंगायचं, आधी शिशाची वजनं वर द्यायची, मग पाण्यातच बीसीडी काढून जेट्टीवरून सोडलेल्या दोरीला अडकवायचं. शिडी हातात येईपर्यंत मास्क आणि फिन्स (पायातले पोहायचे पंख) काढायचे नाहीत. मग एका हाताने शिडी धरून दुसऱ्याने फिन्स काढायचे. टाकी वर ओढायला माणूस आधीच सांगून ठेवावा, संकोच करू नये. आत जातानाही हेच उलट: सामान पाण्यात तरंगतं सोडायचं आणि तिथेच चढवायचं.

सॉल्ट पियर या जहाजांत मीठ भरायच्या धक्क्याचे खांब आणि त्यांवरचे स्पंज फार देखणे आहेत, पण तिथे तुकड्यांवरून चालावं लागतं आणि जहाज लागलं असेल तर डाइव्ह करता येत नाही. समुद्र अगदी सपाट असेल आणि दोन्ही बाजूंनी धरायला माणसं असतील तरच जावं. कुठेही उतरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून पाणी बघा. मोठ्या लाटा थांबून थांबून येतात.

मित्र हातांनी पोहतो. हातांनी पोहताना हवा लवकर संपते आणि थोडा प्रवाहही जड जातो, म्हणून त्याच्या हिशोबानेच वेळ ठरवायची आणि सुरुवात प्रवाहाविरुद्ध करायची. हँडिकॅप्ड स्कुबा असोसिएशन ही संस्था 1981 पासून अशा डायव्हरांच्या पातळ्या ठरवते: ‘ए’ला एक बडी (सोबतचा डायव्हर), ‘बी’ला दोन, ‘सी’ला दोन आणि त्यांतला एक बचावाचं प्रशिक्षण घेतलेला. प्रमाणपत्र नसलं तरी आपण कुठे बसतो ते प्रामाणिकपणे ठरवा आणि तेवढी माणसं घेऊनच जा. पायांना संवेदना नसतील तर जाड तळव्याचे बूट आणि पूर्ण सूट घालाच. प्रवाळाने कापलेलं किंवा तापलेल्या पत्र्याने भाजलेलं कळतही नाही, त्यामुळे प्रत्येक डाइव्हनंतर त्वचा तपासा. पाणी उबदार असलं तरी मणक्याच्या दुखापतीनंतर शरीराला तापमान सांभाळणं कठीण जातं, हेही लक्षात ठेवा.

इथल्या सागरी उद्यानात हातमोज्यांना सर्वसाधारणपणे बंदी आहे. पडदे असलेल्या हातमोज्यांनी पोहणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं. पहिल्या डाइव्हआधी नियमांची माहिती देतात आणि ओळखीचा, म्हणजे सरावाचा एक डाइव्ह करायला लावतात. तो जेट्टीवरच करा, म्हणजे शिडी जमते की नाही ते कळेल. शेवटचा डाइव्ह दुपारीच उरका. संध्याकाळी तिरप्या उन्हात पाण्यातले दगड दिसत नाहीत.