अपडेट: थंडीत पडलेलं ॲव्हरेज, मोठा चोर सापडला

मंडळी, सापडलं! दिवाळीनंतर पिकअपचं ॲव्हरेज १४.५ वरनं ११.८ ला आलं होतं आणि मागच्या वेळी आपण त्याच्यावर एवढा काथ्याकूट केला, त्याचं मोठं कारण हाती लागलं. इंजेक्टर नाही, टर्बो नाही, डिझेलही नाही. थर्मोस्टॅट. म्हणजे इंजिनाचं पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणारा वॉल (झडप), आणि तो खराब नव्हता, गाडीत नव्हताच.

पहिल्यापासून सांगतो, कारण मला वाटतं खान्देशातल्या बऱ्याच गाड्यांची हीच गत असणार.

थंडीत डिझेल गाडी जास्त पिते हे सगळ्यांना मान्य आहे, पण त्याच्यात एक हिशोब असतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता वाया घालवतं म्हणून ते तापतंच हळू, आणि नुसतं आयडलला उभं ठेवलं तर तापायचं नावच घेत नाही. म्हणून थंडीचा खरा फटका बसतो तो पहिल्या काही किलोमीटरला. पहाटे फैजपूरहून मळ्यात, मळ्यातून गावात, परत मळ्यात, असल्या तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांना ॲव्हरेज पडणार हे ठरलेलंच, पण जळगाव ते धुळे हायवेला सलग ९० किलोमीटरच्या आसपास रनिंग असताना एरंडोलच्या आधीच इंजिन पूर्ण तापून फरक जवळजवळ मिटायला पाहिजे. माझ्या लॉगमध्ये तो मिटतच नव्हता. लांब रनला पण तेवढंच कमी. हीच गोष्ट डोक्यात अडकून बसली होती, थंडी कारण असेल तर पारोळ्याच्या पुढे पण थंडीच कशी काय खाते?

मग ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं डोंगल) लावून फक्त कूलंट टेंप, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान, लॉग करायला घेतलं, बाकी सगळे पॅरामीटर बंद. (स्वस्तातलं डोंगल घेणाऱ्यांना एकच सांगणं, त्याच्यावर एका वेळी आठ-दहा पॅरामीटर मागितले तर डाटा तुटतो, एक-दोनच मागा, मग ते बिचारं व्यवस्थित देतं.) ग्राफ बघून मी जागेवर उठून उभा राहिलो. गावात, फाटकाजवळ, ट्रॅफिकमध्ये ७५ पर्यंत चढतंय आणि हायवेला ६०-७० चा स्पीड धरला की घसरत घसरत ६० वर येतंय. चांगल्या इंजिनात असं होऊच शकत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशाला उघडायला लागतो, तोपर्यंत रेडिएटरकडे पाणी जवळपास जाऊच देत नाही. स्पीड वाढला की टेंप पडतंय म्हणजे समोरून येणारा गार वारा थेट इंजिनपर्यंत पोचतोय.

मिस्तरी काकांकडे गेलो, हाऊसिंगचे दोन बोल्ट काढले आणि काका म्हणाले, "अरे भो, याच्यात तं वॉलच नाही!" नुसती बाहेरची रिंग आणि गॅस्केट, मधला सगळा भाग तोडून काढलेला. गाडी सेकंडहँड घेतलेली आहे हे जुन्या लोकांना माहितीये, आधीच्या मालकाकडे कधीतरी उन्हाळ्यात हे झालेलं असणार. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो, लोडची गाडी गरम होते आणि मग कुणीतरी सांगतं वॉल काढून टाका, कटकट मिटेल. हा उपाय मला अजिबात पटत नाही आणि ठासून सांगतो, करू नका. गाडी गरम होतेय तर रेडिएटर चोंदलेला असेल, वॉटर पंप, फॅन कपलिंग, कॅप, ते बघा. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटचा खालचा पाय बायपासचं तोंड बंद करतो, तो पायच काढला तर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापू शकते.

उन्हाळ्यात हे लपून गेलं त्याचं कारण सोपं आहे, बाहेरच ४२ असेल तर वॉल नसला तरी इंजिन बऱ्यापैकी गरम राहतं. आणि चेक इंजिन लाइट? बऱ्याच गाड्यांत कूलंट कमी तापलं की पी०१२८ कोड येतो, आपल्या गाडीत काही आला नाही, त्यामुळे लाइट नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

आता ६० अंशावर चालणारं इंजिन एवढं का पितं, तर एक म्हणजे ऑइल. आपलं ५डब्ल्यू-३० लो-ॲश ऑइल १०० अंशाला साधारण १२ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ४० अंशाला ७० च्या घरात, म्हणजे जवळपास सहापट घट्ट. रिंग, बेअरिंग, ऑइल पंप सगळ्यांना ते ढकलावं लागतं. दुसरं, सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की जळालेल्या डिझेलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी भिंतीत जाते. तिसरं, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून वॉर्मअपलाच आहे, मग आयडल वर, इंजेक्शन वेगळं. आणि चौथं, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे, ते डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रीजन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं. ॲक्टिव्ह रीजनला फिल्टरमध्ये ६०० अंशाच्या आसपास तापमान लागतं, त्याच्यासाठी जादा डिझेल मारलं जातं. कूलंट ठराविक टेंपला आल्याशिवाय बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत. म्हणजे माझ्या गाडीत ते सुरू व्हायचं ते ट्रॅफिकमध्ये ७५ ला आल्यावर, आणि हायवेला लागून टेंप पडलं की अर्धवट तुटत असणार. काजळी तशीच, डिझेल गेलं ते गेलं, पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. बीएस सिक्सवाल्यांनी ऑइलची लेव्हल पण बघत जा, अर्धवट रीजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते.

नवीन वॉल घेताना बाजारात जो पहिला हातात दिला त्याच्यावर उघडायचं टेंप छापलेलंच नव्हतं, तो परत केला. डब्यावर काहीही लिहू देत, पितळेवर आकडा कोरलेला पाहिजे. कंपनीचा पार्ट मागवला, चार दिवस थांबावं लागलं, महाग पडला, पण घ्यायचा तर तोच. बसवायच्या आधी घरी गॅसवर पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि दोरीला बांधून वॉल सोडला. ८२ च्या जवळ हळूच फट पडायला लागली, ९५ ला पूर्ण उघडा. आई विचारत होती हे कशाचं कालवण शिजतंय, पण ती फट पडताना बघण्यात काय आनंद आहे ते तुम्हालाच कळेल.

आणि ग्राफ! गावाबाहेर पडेपर्यंत ८०, मग ८४-८६ वर सरळ रेघ, हायवेला पण, पुलावर तापीचा गार वारा लागला तरी हलली नाही. ॲव्हरेज टँक टू टँक (टाकी फुल ते टाकी फुल) १३.६.

मध्येच एक, डिझेल गोठतं म्हणून ॲव्हरेज पडतं असं ज्यांनी लिहिलं होतं त्यांच्यासाठी. आपल्या आयएस १४६० मानकात डिझेलचा सीएफपीपी, म्हणजे ज्या टेंपला मेण धरून फिल्टर तुंबायला लागतो तो, हिवाळ्यात जास्तीत जास्त ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश चालतो. धुळ्याला पारा ६ च्या आसपास जातो, त्यामुळे शेतावर ड्रममध्ये उन्हाळ्यातलं डिझेल साठवलेलं असेल तर पहाटे त्रास होऊ शकतो हे खरं. पण तो त्रास स्टार्टिंगचा आणि गाडीची ओढ कमी पडण्याचा, ॲव्हरेजचा नाही. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात डिझेलमध्ये हलकं, केरोसिनसारखं इंधन मिसळतात, त्याच्यात लिटरमागे ऊर्जाच काही टक्के कमी असते, म्हणून तिकडच्या पिकअपवाल्यांचं रडगाणं वेगळं. इंडियन ऑइलने पण २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पोअर पॉइंटचं (म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत वाहणारं) विंटर डिझेल आणलं. ते वाचून इथं कुणी केरोसिन ओतू नका, कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

राहिलं १४.५ आणि १३.६ मधलं अंतर, साधारण ६ टक्के. आपल्या गाडीला एसी नाही त्यामुळे तुलना साफ आहे. ३५ अंशाच्या हवेपेक्षा १० अंशाची हवा जवळपास ९ टक्के जड असते, हायवेला वाऱ्याचा वाटा एक तृतीयांश धरला तर ३ टक्के तिथंच गेले, त्याला काही इलाज नाही. टायरचं म्हणाल तर मागच्यात ऑक्टोबरच्या दुपारी ६० पीएसआय भरलेले पहाटे १० अंशाला ५४ भरतात, मी थंड टायरवरच भरतो म्हणून माझ्या हिशोबात ते नाही, तुम्ही तपासा.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून बघायचा प्लॅन होता, तो आता रद्द. वॉल बंद असताना रेडिएटरला पाणीच जात नाही, मग पुठ्ठा काय झाकणार? बॉनेटखालची हवा थोडी गरम राहील एवढंच, आणि दुपारी काढायचा विसरला तर पंचाईत.

त्याऐवजी हे टाईप करता करताच सुचलं: मागचं हाऊसिंग. डिफरन्शियलच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) गिअर ऑइलला ना थर्मोस्टॅट ना कूलंट, ते फक्त घासून तापतं आणि वाऱ्याने थंड होतं. इंजिन ८५ ला पोचलं तरी मागे ऑइल किती घट्ट असेल? उरलेले ३ टक्के तिथंच असावेत असं वाटतंय. टेंपरेचर गन आहेच. जळगावहून निघताना, एरंडोल, पारोळा आणि धुळ्यात पोचल्यावर हाऊसिंगवर मारून रीडिंग घेतो, आधी रिकामी गाडी, मग मक्याच्या लोडसह. शिरपूर, चोपडा, नंदुरबारकडचं कुणाकडे गन असेल तर तुम्ही पण घ्या, गाडी, ऑइलचा ग्रेड आणि बाहेरचं टेंप लिहायला विसरू नका. आणि त्याच्या आधी प्रत्येकाने कूलंटचा ग्राफ टाका, हायवेला ८० च्या खाली रेघ दिसली तर थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगचे दोन बोल्ट उघडून आत वॉल आहे का ते बघा.