पिवळा झेंडा उतरेपर्यंत

लहानपणी आम्ही शिडाच्या यॉटने परदेशी जायचो, असं सांगितलं की लोक हमखास वादळाबद्दल विचारतात. मला मात्र सगळ्यात आधी आठवतं ते बंदरात ताटकळणं.

आमची नाव पाच-सहा नॉटने चालायची. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे सायकलवाल्यानेही सहज मागे टाकावं. त्यात वारा समोरून असला तर सरळ जाताच येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे वळत पुढे सरकायचं. सकाळी दिसलेला डोंगर संध्याकाळीही तिथेच! मळमळ मात्र तोवर थांबलेली असायची, ती पहिल्या एक-दोन दिवसांचीच.

रात्री आईच्या पहाऱ्याच्या वेळी ताई आणि मी हार्नेस, म्हणजे नावेला बांधून ठेवणारा पट्टा, अडकवून कॉकपिटमध्ये, सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत बसायचो. लाल दिवा जहाजाची डावी बाजू, हिरवा उजवी. दिसलेलं जहाज जवळ येतंय पण आपल्या नावेवरून ते ज्या दिशेला दिसतं ती बदलत नाही, तर टक्कर ठरलेली. लगेच आईला सांगायचं. हे काम आम्हाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा फार मोठं वाटे.

बंदर जवळ आलं की बाबा डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवायचे. संकेतांच्या भाषेत तो ‘क्यू’ (Q) हे अक्षर: नावेवर सगळे निरोगी आहेत, प्रवेशाची परवानगी द्या. मग नांगर टाकायचा आणि बसून राहायचं. समोर झाडं, माणसं, धक्क्यावर पळणारी मुलं, आणि आपण नावेवर. बहुतेक ठिकाणी सोपस्कार होईपर्यंत फक्त कप्तानाला उतरता येतं. पासपोर्ट, नावेची नोंदणी, मागच्या बंदराचा निघाल्याचा दाखला आणि खलाशांची यादी पिशवीत घालून बाबा डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, वल्हवत जायचे. यादीत आम्हा दोघींचीही नावं असत, त्याचा मला कोण अभिमान!

काही देशांत उलट अधिकारीच नावेवर यायचे. कस्टम्सवाले कपाटं उघडून बघत. ताजी फळं, भाज्या, मांस कुठेकुठे जप्त होतं, म्हणून किनारा जवळ आला की आई उरलंसुरलं सगळं आमच्या ताटात वाढायची. कांदे संपवण्याची ती सक्ती मी अजून माफ केलेली नाही.

शिक्के पडले की पिवळा झेंडा खाली आणि त्या जागी यजमान देशाचा झेंडा वर. आपला स्वतःचा असतो तो मागच्या टोकाला. पुढच्या देशाचा झेंडा आई वाटेतच शिवून ठेवायची, त्यामुळे कित्येक देश मला आधी चिंध्यांच्या रूपात भेटले. आणि इतकी वाट पाहून जमिनीवर पाय ठेवावा, तर तीच डोलायला लागायची! ताई तर पहिल्या दिवशी चक्क भिंतीला धरून चालायची.

निघतानाही कागद होतेच. बंदर सोडल्याचा दाखला घ्यायचा, कारण पुढचं बंदर तो मागणार. तो हातात पडला की ठरलेल्या मुदतीत निघावंच लागे, मग वारा असो वा नसो. बहुतेकदा तो नसायचाच. बाबा चिडून इंजिन सुरू करायचे आणि शिडं गुंडाळलेल्या नावेतून, डिझेलच्या वासात, आम्ही पुढच्या देशाला निघायचो.