परत तेच? पत्ता काढ, पत्ता ओळख!

कोजागिरीला गच्चीवर मी पत्त्यांच्या पाच ट्रिक केल्या आणि तिसऱ्यालाच आत्या म्हणाली, "अरे परत तेच का, पत्ता काढ, आत ठेव, हाच का तुझा पत्ता!" लागलं जरा, पण खरंच होतं. माझ्या दृष्टीने पाचही वेगळ्या, कारण प्रत्येकीची हातचलाखी वेगळी, पण समोरच्याला ती दिसतच नाही ना, त्याला दिसतं ते एवढंच की पत्ता हरवला नि सापडला.

मग क्रम बदलला. शोधायची ट्रिक एकच ठेवली, ती पण सुरुवातीला आणि पटकन. मग ॲम्बिशस कार्ड, म्हणजे सही केलेली बदाम राणी मधे घातली तरी वरच येते. (१९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने नामांकित जादूगार हुडिनीला याच प्रकाराने गंडवलं होतं, पुन्हा पुन्हा दाखवूनही त्याला कळेना!) पण हेही लांबवायचं नाही, तीन वेळा बास. त्यानंतर जादूगार पॉल करीची १९४२ ची लाल-काळे वेगळे करायची ट्रिक, यात मी पत्त्यांकडे बघतच नाही, आत्याच उपडे पत्ते अंदाजाने दोन बाजूला लावते आणि उलटल्यावर इकडे सगळे बदाम-चौकट, तिकडे सगळे इस्पिक-किलवर. यावेळी ती काही बोललीच नाही, मसाला दूध हातात तसंच गार झालं.

शेवटी तीच सही केलेली राणी माझ्या पाकिटातून. तिथे मात्र हात थरथरतो अजून.