माप बरोबर होते

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका पंचायतीत मी सचिव असतानाची ही गोष्ट आहे. ऑक्टोबर उजाडला की तिथे पर्यटनाचा हंगाम सुरू होतो. पावसाळाभर निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले फलक दुकानांवर पुन्हा चढतात आणि त्यांच्या परवान्यांचे अर्ज पंचायतीच्या टेबलावर साचू लागतात. त्या वर्षी आमच्या पाक्षिक बैठकीत फलकशुल्क वाढवावे की नाही यावर जवळजवळ तासभर वाद झाला होता. लाकडी फलकाला एक दर आणि रात्री उजळणाऱ्या फलकाला दुसरा, अशी विभागणी एका पंचसदस्याने सुचवली व ती मंजूर झाली. त्याच ओघात अकरा फलकांना मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी पावत्या फाडल्या गेल्या आणि प्रत्येक पावतीवर माझी सही होती.

तीन आठवड्यांनी एक तक्रार आली. मुख्य रस्त्यालगत राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी लेखी कळवले होते की समोरच्या दुकानावरच्या फलकाचा जांभळा उजेड रात्रभर त्यांच्या खोलीत येतो व त्यांना झोप लागत नाही. मी आमच्या कारकून मुलीला आणि मोजपट्टीला सोबत घेऊन पाहणीला गेलो. अर्जात फलक सहा फूट बाय चार फूट असा लिहिला होता. कारकुनाने शिडीवर चढून पट्टीचे एक टोक धरले, मी खाली दुसरे धरले. माप इंचभरही चुकले नव्हते. ‘चला, माप बरोबर आहे,’ असे मी म्हणालोसुद्धा. मग पाहणी अहवालाच्या छापील नमुन्यात ‘फलकावरील मजकूर’ असा एक रकाना असतो तो भरण्यासाठी मी मान वर केली, आणि तो फलक पहिल्यांदाच वाचला.

इंग्रजी अक्षरांत ‘व्हेप’ असे लिहून त्याखाली आंबा, पुदिना आणि टरबुजाची चित्रे काढली होती. मला वाटले सरबताचे दुकान असावे. शिडीवरून कारकून हळूच म्हणाली, ‘सर, ही ई-सिगारेट आहे. माझ्या भावाच्या कॉलेजात मुले ओढतात.’

ई-सिगारेटवर बंदी आहे हे मला ठाऊक होते. केंद्र सरकारचा अध्यादेश सप्टेंबर 2019 मध्ये निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि त्यासंबंधीचे परिपत्रक माझ्याच कपाटातल्या फायलीत लावलेले होते. माहीत नव्हता तो ‘व्हेप’ हा शब्द. कायद्याच्या व्याख्येत तो येत नाही. पण कोणत्याही नावाने ओळखले जाणारे आणि कोणत्याही आकाराचे असे उपकरण बंदीत येते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. व्याख्या करणाऱ्याने आमच्यासारख्या सचिवांचा अंदाज आधीच घेतला होता म्हणायचे.

आत गेलो. काचेच्या पेटीत, मुलांच्या कंपासपेटीत शोभतील अशा रंगीत नळ्या ओळीने मांडल्या होत्या. दुकानदार पंचविशीतला, बोलायला अतिशय नम्र. ‘सर, यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे,’ असे त्याने लगेच सांगितले, म्हणजे हे उत्तर त्याने पूर्वीही कोणाला तरी दिले असणार. परंतु निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ तयार करणारे विद्युत उपकरण विकणे, साठवणे आणि त्याची जाहिरात करणे या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. पानाच्या गाड्यावर तंबाखूचा फलक लावायचा झाला तरी त्याला साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची मर्यादा आहे, वर धोक्याची सूचना लागते आणि कंपनीचे नाव चालत नाही. हा चोवीस चौरस फुटांचा फलक मात्र आमच्या ठरावाने, शुल्क घेऊन उभा होता.

त्याच संध्याकाळी योगायोगाने बैठक होती. मी विषय मांडला तेव्हा एक सदस्य म्हणाले, ‘दंड लावा आणि मिटवा, हंगामाच्या तोंडावर पोराचे दुकान बंद करू नका.’ मला समजावून सांगावे लागले की हा दंड पंचायतीचा नव्हे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते ठरवायचे न्यायालयाने; झडती आणि जप्तीसाठीसुद्धा उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. आपण दिलेली मान्यता मागे घ्यायची आणि पोलिसांना कळवायचे. मग बैठकीतला खरा आक्षेप पुढे आला. ठरावाच्या मसुद्यात मी ‘मजकुराची शहानिशा न करता दिलेली मान्यता रद्द करण्यात येत आहे’ असे लिहिले होते. सरपंचबाई म्हणाल्या, ‘सचिव, ते पहिले चार शब्द गाळता येतील ना?’ त्या चार शब्दांचा पहिला धनी मीच होतो, तेव्हा मला गाळणे सोयीचेच होते. पण अर्ज, ठराव आणि पावती हे तिन्ही कागद पोलिसांकडे जाणार होते, आणि ते शेजारी शेजारी ठेवले की आम्ही काय केले ते कोणालाही दिसणार होते. शब्द राहिले. सही करताना बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पोलिस आले तेव्हा काचेची पेटी रिकामी होती. बैठकीतली बातमी चहाच्या गाड्यावर पोहोचायला आमच्या गावात अर्धा तास पुरतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. दुकानदाराने आता मोबाइलची कव्हरे मांडली होती. फलक काढायला मात्र तो विसरला होता किंवा त्याला शिडी मिळाली नसावी. उपनिरीक्षकांनी रस्त्यावर उभे राहून फलकाचे फोटो काढले आणि म्हणाले, ‘माल नसला तरी जाहिरात आहेच.’ मग त्यांनी माझ्याकडे मंजूर अर्जाची व पावतीची प्रमाणित प्रत मागितली. पंचनाम्याला जोडलेल्या कागदांत सर्वांत वर माझीच सही होती. वरिष्ठांकडून खुलासा मागवणारे पत्र आठवडाभरात आले, आणि मी जे घडले ते तसेच लिहून दिले.

फलकाच्या अर्जाच्या नमुन्यात मजकुराची रंगीत प्रत जोडण्याची अट मी पुढच्या बैठकीत घालून घेतली. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्या दुकानदाराचाही एक अर्ज होता. फलक तीनच आठवडे लागल्यामुळे उरलेल्या काळाचे शुल्क परत मिळावे, अशी त्याने नम्र विनंती केली होती.