घामट हवेतला चोरखिसा : कोल्हापूर, जोतिबा आणि घाटाखाली

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी अंगावरचा घाम फारसा जाणवत नाही, कारण कोरडी हवा तो येताक्षणी शोषून घेते. कोल्हापूरचा चैत्र त्यामानाने सौम्य असतो. पण संध्याकाळी वळीव कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून हवेत जो दमटपणा भरून राहतो, त्यात घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. या वर्षअखेरीस केरळ आणि तिथून पुढे थायलंड असा प्रवास मनात असल्यामुळे, पैसे आणि कागदपत्रे अंगावर लपवून नेण्याची जी साधने मी विदर्भात वापरत आले, ती दमट हवेत कितपत टिकतात हे आधीच पाहून घ्यावे, या हेतूने मी चैत्री पौर्णिमेच्या सुमारास मंगळवार पेठेत राहणाऱ्या मावशीकडे मुक्कामाला आले. बरोबर गळ्यात अडकवायची पिशवी, कमरेला बांधायचा पट्टा, आतून चेन असलेला चामडी बेल्ट आणि पोटरीला गुंडाळायची एक पट्टी असा सगळा सरंजाम होता.

पहिली परीक्षा अंबाबाईच्या देवळात झाली. दर्शनाची रांग आतल्या दगडी मंडपात शिरली की वारा थांबतो, माणसाला माणूस लागते आणि गळ्यातल्या पिशवीची अडचण तिथे लगेच कळते. ती छातीच्या मधोमध, म्हणजे अंगावर सर्वांत आधी घाम साचतो तिथेच लोंबते. शिवाय तिची दोरी मानेवर ओल्या कुडत्यातून स्पष्ट उठून दिसते. लपवलेली वस्तू कुठे आहे हे मागच्या माणसाला दोरीवरून समजत असेल, तर ती लपवण्यात अर्थ उरत नाही. मी जी पिशवी वापरत होते तिच्या आत चकाकणारा धातूचा थर होता. कार्डाची माहिती लांबून चोरली जाऊ नये म्हणून हा थर घातलेला असतो आणि त्यासाठी किंमतही जास्त मोजावी लागते. प्रत्यक्षात स्पर्शाविना चालणारे कार्ड यंत्राच्या काही सेंटिमीटर जवळ न्यावे लागते, पिन न टाकता होणाऱ्या व्यवहाराला आपल्याकडे ५,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि ही सोय बँकेच्या ॲपमधून बंदही करता येते. तेव्हा या थराचा उपयोग थोडा आणि त्रास मात्र रोजचा आहे, कारण त्यातून हवा खेळत नाही आणि त्याच्यामागची त्वचा दिवसभर ओली राहते. देवळातून बाहेर पडेपर्यंत माझ्या छातीवर घामोळ्यांची रांगोळी उमटली होती.

कमरेच्या पट्ट्याचे दुखणे थोडे निराळे. त्याचे इलॅस्टिक घामाने सैलावते, पट्टा खाली घसरतो, म्हणून आपण तो आणखी आवळतो, आणि मग आवळलेल्या जागी कातडी लाल होते. पाठीच्या बाजूला सरकवला तर खुर्चीला टेकताना टोचतो. पोटावर ठेवला तर जेवताना. दुपारी मावशीकडे तांबडा रस्सा होता, त्यामुळे घामाची वेगळी परीक्षा घ्यावी लागली नाही. पोटरीच्या पट्टीबद्दल तर फार लिहिण्यासारखेही काही नाही: ओल्या पायावरून ती घोट्यापर्यंत उतरली आणि महाद्वार रोडवर मला चारचौघांत वाकून ती वर ओढावी लागली.

चामडी बेल्टचा निकाल चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या ओळीत लागला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ती पावसात घालू नये हे इथले दुकानदार गिऱ्हाइकाला आजही आवर्जून सांगतात, कारण भिजलेले चामडे फुगते, आकार सोडते आणि नीट न वाळल्यास त्यावर बुरशी धरते. जो नियम पायातल्या चामड्याला, तोच कमरेच्या चामड्याला. फरक इतकाच की चप्पल रात्री उंबऱ्याबाहेर वाळत पडते आणि बेल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ओला अंगावर चढतो. शिवाय त्या अरुंद चेनमध्ये पाचशेच्या नोटा उभ्या घड्या घालूनच जातात. नोटेचा कागद कापसाच्या धाग्यांपासून बनवलेला असल्यामुळे तो सहज फाटत नाही हे खरे, पण ओल्या घडीवर दाब पडून नोटा एकमेकींना चिकटतात आणि त्या सोडवताना कडा जातात.

मावशी हे सगळे पाहत होती. तिच्या मते माझी खरेदीच मुळात उलट दिशेने झाली होती. “अगं, आधी आत काय ठेवायचं ते ठरव, मग पिशवी शोध. तू पिशवी आणतेस आणि मग ती भरत बसतेस,” असे म्हणून तिने कपाटातून आपला जुना परकर काढून दाखवला. त्याला नेफ्याच्या खाली, उजव्या अंगाला, आतून शिवलेला चोरखिसा होता आणि तोंडाला टिचबटण. तिच्या पिढीतल्या बायकांनी पंढरपूरपासून काशीपर्यंतचे प्रवास अशा खिशांच्या भरवशावर केले, आणि गावाकडच्या पुरुषांच्या बंड्यांनाही आतून खिसे असतच.

तिचे म्हणणे मोजमापाने तपासले तर पटते. बँकेचे कार्ड साडेआठ सेंटिमीटरांहून किंचित लांब आणि साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद असते. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद, म्हणजे एकदा दुमडली की जवळपास कार्डाएवढीच होते. या दोन गोष्टींना तळहाताएवढी चपटी पिशवी पुरते. पासपोर्ट मात्र १२५ बाय ८८ मिलिमीटरांचा ताठ पुठ्ठा आहे. त्याच्यासाठी पिशवी दुप्पट मोठी होते, अंगावर फुगून दिसते आणि घाम धरणारे क्षेत्रही तेवढेच वाढते. ज्या दिवशी सरहद्द ओलांडायची नाही, त्या दिवशी पासपोर्ट मुक्कामाच्या जागी कुलपात ठेवून त्याची छायाप्रत जवळ बाळगणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मात्र ज्या देशात मूळ पासपोर्ट जवळ ठेवण्याचा नियम असेल तिथे तो नियम पाळावाच लागेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लक्ष्मीपुरीत एका शिंप्याकडे गेलो. कापड आधीच घेतले होते: इचलकरंजीचे पॉपलीन. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि तेव्हापासून त्या गावाने सुती कापडात जे नाव कमावले, त्याच्या विश्वासावर मी पूर्ण सुती पिशवीच शिवून घ्यायच्या बेतात होते. शिंपीकाकांनी कापड बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाले, “ताई, नुसतं सुती करू नका. घाम पितंय, पण सोडत न्हाई लवकर. आतल्या नोटा भिजणार बघा.” त्यांचे बोलणे वस्त्रशास्त्राला धरूनच आहे. प्रमाणित हवेत, म्हणजे चाचणीसाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत, कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्वचेला सुती सुखावते, नोटांना नायलॉन. बाजारातल्या बहुतेक पिशव्या जलरोधक थर बाहेर लावतात आणि तिथेच त्यांची गफलत होते, कारण पाणी बाहेरून पावसाचे येत नसून आतून अंगाचे येत असते. बरे, तोच थर अंगाच्या बाजूला लावला तर त्याच्यामागे घाम कोंडतो.

म्हणून आम्ही ठरवले ते असे की बाहेरची पिशवी पातळ पॉपलीनची असावी आणि तिच्या आत नोटा व कार्ड चेनच्या छोट्या प्लॅस्टिक पाकिटात घालावेत. हे पाकीट दमट हवेत बंद केले तर तो दमटपणाही आतच राहतो, म्हणून ते सकाळी पंख्याखाली, कोरड्या हातांनी भरलेले बरे. धातूची चेन घामातल्या मिठाने गंजते, तेव्हा चेन प्लॅस्टिकची घेतली. वेल्क्रो मी मुद्दाम टाळले. त्याचा करकर आवाज साऱ्या रांगेला ऐकू जातो. पिशवीला वर दोन फासे ठेवले आणि ते सलवारीच्या नाडीत ओवले. पिशवी सलवारीच्या बाहेर पण कुडत्याच्या आत, मांडीच्या बाजूला लोंबते, त्यामुळे ती त्वचेला थेट लागतच नाही आणि मध्ये हवेला थोडी वाट राहते. पँट घालणाऱ्याला हीच पिशवी बेल्टच्या पट्टीत अडकवून आत सोडता येईल, मात्र तिथे ती अंगाला लागणार, म्हणून त्या बाजूला मलमलीचा एक पदर द्यावा.

जोतिबाची यात्रा ही या पिशवीची खरी कसोटी होती. शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरांवर असलेल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला लाखोंचा जनसागर उसळतो, उंच सासनकाठ्या नाचत येतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत माणसांचे रंगच बदलून जातात. ओल्या अंगावर बसलेला गुलाल शिवणीतून आत झिरपतो, वेल्क्रोत अडकतो आणि चेनीच्या दातांत जाऊन बसतो. माझी पॉपलीनची पिशवी संध्याकाळी पार गुलाबी झाली होती, आतल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या नोटा मात्र कोऱ्या राहिल्या. गर्दीमुळे डोंगरावर मोबाइलचे जाळे गुदमरले होते, त्यामुळे नारळवाल्याला क्यूआर कोडवरून पैसे जाईनात; रोख जवळ असण्याचे महत्त्व तिथे कळते. ती रोख मी चोरखिशातून काढली नाही. दिवसाच्या खर्चाचे सुटे पैसे कुडत्याच्या साध्या खिशात ठेवले होते, कारण गर्दीत हात आतल्या पिशवीकडे गेला की तिचा पत्ता सगळ्यांना कळतो. मावशीचे याबाबतचे मत अधिक कडक आहे: “पैसे काढायला खोलीत जाऊन दार लावावं लागलं, तर तो चोरखिसा. नाहीतर नुसता खिसा.”

नंतर एस.टी.ने कळे, साळवण करत गगनबावड्याला गेलो आणि करूळ घाटाने वैभववाडीला उतरलो. घाटमाथ्यावर वारा होता. खाली उतरताच हवा अंगाला लपेटून बसली. कोल्हापूरचा दमटपणा इथल्यापुढे काहीच नाही. पिशवीचा अंगाकडचा पदर दुपारपर्यंत ओला झाला, पण पातळ असल्यामुळे रात्री साबणाने धुऊन पंख्याखाली टाकल्यावर सकाळी खडखडीत वाळला. जेल पेनाने चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता, जो मी पाकिटाबाहेर ठेवला होता, तो पसरून वाचता येईनासा झाला. शिसपेन्सिलीने लिहिलेला फोन नंबर शाबूत राहिला.

परतल्यावर शिंपीकाकांकडून तशाच आणखी दोन पिशव्या शिवून घेतल्या, एक धुण्यात असताना दुसरी वापरायला आणि तिसरी मावशीला. पासपोर्टसाठी एक मोठा खिसा कुडत्याच्याच आतून, काखेच्या खाली न लावता बरगडीच्या पुढच्या बाजूला लावून द्यायला सांगितले आहे. शिलाई त्यांनी अजून सांगितलेली नाही, आणि मावशीच्या मते ती आधी ठरवून घ्यायला हवी होती.