कांद्याच्या आठ जोड्या आणि रिओची साखळी : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत अर्धसूत्री विभाजनाची, म्हणजे परागकण बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची, एकही अवस्था हाती लागली नसल्याचे लिहिले होते. दोष माझाच होता. जालन्याजवळ बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांवरून मी उमलायला आलेल्या कळ्या आणत असे. त्यांतील विभाजन केव्हाच आटोपलेले असल्याने भिंगाखाली तयार परागकणच दिसत. या खेपेस आवरण नुकतेच फाटलेला गोंडा सकाळीच तोडला, तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसिटिक ॲसिड यांत दिवसभर ठेवला आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान कळ्या निवडल्या.

परागकोश ॲसिटोकार्माइन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावाच्या थेंबात, मुद्दाम गंजू दिलेल्या सुईने फोडला. लोहाचा अंश उतरला की फिकट गुलाबी गुणसूत्रे पिकल्या जांभळासारखी गडद होतात. टीपकागदावरून दाबताना अंगठा जरा सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात, आणि माझ्या दोन काचपट्ट्या तशाच वाया गेल्या. तिसरीवर मात्र डायकायनेसिसमधील, म्हणजे आखडलेल्या जोड्या सुट्या मोजता येतात त्या अवस्थेतील, पेशी मिळाली : 16 गुणसूत्रांच्या नेमक्या 8 जोड्या, काही कडीसारख्या, काही फुलीसारख्या. जोडीदारांत जिथे तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, त्या किॲझ्मांच्या संख्येवर व जागेवर हा आकार ठरतो, आणि पेशीच्या दोन्ही टोकांकडून, म्हणजे ध्रुवांकडून, ताण पडत असतानाही विलग होण्याच्या क्षणापर्यंत जोडी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. शेजारच्या पेशीत पहिली पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रे ध्रुवांकडे सरकण्याची अवस्था, होती. मुळाच्या टोकाच्या काचपट्टीत, साध्या विभाजनात, आपण भगिनी अर्धगुणसूत्रे (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती) विलग होताना पाहतो. इथे ती एकत्रच राहून अख्खे जोडीदार 8-8 असे दुरावले होते.

त्यानंतर अंगणातल्या रिओ या शोभेच्या वनस्पतीकडे वळलो. होडीसारख्या आवरणपत्रांत दडलेल्या तिच्या कळ्या काढणे किचकट असते, पण पाहण्यासारखे खरे तिथेच आहे. पूर्वी झालेल्या तुकड्यांच्या स्थानांतरामुळे प्रत्येक गुणसूत्राची दोन टोके दोन वेगळ्या गुणसूत्रांशी जुळतात, म्हणून जोड्यांऐवजी 12 गुणसूत्रांचे एकच कडे बनते. एखाद्या ठिकाणी किॲझ्मा झाला नाही, तर त्याची साखळी होते. मला साखळ्याच मिळाल्या, पूर्ण कडे अजून नाही. एका पेशीत ती नागमोडी मांडलेली होती, म्हणजे एकाआड एक गुणसूत्र विरुद्ध ध्रुवाकडे. हा क्रम चुकला की वाटणी बिघडते आणि परागकण पोचट राहतात. अशा पोचट कणांत रंग भरत नाही, त्यामुळे ते मोजता येतात. पुढच्या रविवारी उमललेल्या फुलांवर तेच करणार आहे.