मयताच्या खात्यावरचे चार हजार

एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मी चावडीच्या ओट्यावर बसून बाहेरगावाहून आलेल्यांची यादी करत होतो. टाळेबंदीमुळे तलाठ्याकडे महसुलाचे काम थोडे आणि इतर कामेच फार झाली होती. माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावची विधवा पदराने तोंड झाकून आली आणि चार हात लांब थांबून तिने पासबुक पायरीवर ठेवले. "भाऊसाहेब, मालकाच्या खात्यावर पैसे आलेत. हे काढायचे का?"

तिचे यजमान आदल्या दिवाळीत वारले होते. पासबुकात त्यानंतरच्या, पीएम-किसान या केंद्राच्या शेतकरी योजनेच्या दोन नोंदी होत्या, प्रत्येकी २,००० रुपयांच्या. दुसरी टाळेबंदीतली. २६ मार्चला केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले, त्यात शेतकऱ्यांसाठी हाच हप्ता होता. खरे तर वर्षाच्या ६,००० रुपयांपैकी एप्रिल ते जुलैचा जो हप्ता मिळणारच होता, तो लवकर दिला गेला होता, वाढीव असे काही नव्हते. पण आठवडी बाजार बंद आणि मजुरी ठप्प असताना दोन हजारांची किंमत निराळी असते, हेही नाकारता येत नाही.

पुतण्याकडे एटीएम कार्ड होते, पिनही ठाऊक होता, आणि भावकीतल्या सगळ्यांनी तिला गुपचूप काढून घे म्हणून सांगितले होते. तरीही ती विचारायला आली होती. मी उत्तर द्यायला वेळ लावला, हे कबूल करतो. मयत व्यक्तीच्या नावाचे पैसे काढता येत नाहीत हे सांगणे सोपे होते. पण ते सांगितल्यावर लाभार्थी मयत असल्याचे मला वर कळवावेच लागणार होते आणि पुढचे हप्ते थांबणार होते. मी सांगितले, आणि कळवलेही.

तिच्या नावे लाभ सुरू व्हायचा तर आधी सातबाऱ्यावर तिचे नाव लागायला हवे होते. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ची जमीनधारणा धरतात, मात्र त्यानंतर वारसाने आलेली जमीन चालते. वारसनोंद तिने केलीच नव्हती, कारण दिवसकार्यानंतर रब्बीची घाई आणि मग कोरोना. मृत्यूचा दाखला घेऊन मी सहा-क च्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत ती, तिची सासू आणि दोन अज्ञान मुले यांची नोंद घेतली, मुलांना अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचे नाव लावले. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद धरून पंधरा दिवसांची नोटीस काढली. कागदावर पंधरा दिवस. पण मंडळ अधिकारी नाक्यावरच्या बंदोबस्तात, गावातले सेवा केंद्र बंद, त्यामुळे फेरफार प्रमाणित व्हायला जून उजाडला. त्यानंतर आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), स्वयंघोषणापत्र आणि तिचे पासबुक जोडून अर्ज गेला, तर आधारवरच्या आणि अर्जातल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. दुरुस्तीसाठी तिला तालुक्याला दोनदा जावे लागले.

मधल्या काळात तिच्या हाती आले ते जनधन खात्याचे महिना ५०० रुपये, तेही खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे ठरलेल्या दिवशी, बँकेपुढे चुन्याने आखलेल्या वर्तुळात उभे राहून. ९ ऑगस्टला देशभर पुढचा हप्ता सुटला, त्यात ती नव्हती.

वर्ष संपत आले तेव्हा वरून एक यादी आली. आयकर भरत असूनही ज्यांनी हे पैसे घेतले होते, त्यांना वसुलीच्या नोटिसा बजावायच्या होत्या. माझ्या सजातल्या त्या नावांपैकी एकजणही कधी चावडीवर विचारायला आलेला नव्हता. नोटीस हातात दिल्यावर एका गृहस्थांनी मलाच विचारले, की माझे नाव यादीत घातलेच कोणी.

डिसेंबरच्या हप्त्यात तिचे २,००० जमा झाले. मयताच्या खात्यावरच्या चार हजारांना तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. ते परत कसे भरायचे, एवढेच ती नंतर दोनदा विचारून गेली.